घरचे गारेगार

चैत्र सरत आला की ऊन कडक होते. माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी पडते, दारे-खिडक्यांवर पडदे येतात आणि दुपारच्या शांततेत रस्त्यावरून घंटेची किणकिण ऐकू येऊ लागते. ती गारेगारवाल्याची गाडी असते. लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांच्या त्या कांड्या पाहून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? परंतु घरातील वडील माणसे लगेच म्हणतात, "नको रे बाळांनो, पोट बिघडेल." मुलांना ही आज्ञा जाचक वाटते. वडिलांची ही भीती खरी की खोटी? आणि ती खरी असेल, तर गार पदार्थाचा आनंद अजिबात सोडूनच द्यावा काय? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधू या. आणि ती शोधता शोधता दही व फळे गोठवून घरच्या घरी एक सोपा, रुचकर पदार्थ करावयासही शिकू या.

बर्फाचा प्रवास

आज कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फ मिळतो. पूर्वी तशी स्थिती नव्हती. उष्ण प्रदेशातील माणसाला उन्हाळ्यात थंड पाणी मिळणे हीसुद्धा चैन होती. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत सांगितली आहे, आणि लाहोरास डोंगरांतून बर्फ आणवीत असत, असेही लिहिले आहे. अर्थात हा थाट बादशहाचा! सामान्य माणसाच्या वाट्याला माठ आणि सुरईच येत असे.

पुढे १८३३ साली एक नवलाची गोष्ट घडली. अमेरिकेतील बोस्टन शहराचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने तेथील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून जहाजात भरला आणि तो थेट कलकत्त्यास पाठविला. जहाज निघाले तेव्हा त्यात सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास करून, दोनदा विषुववृत्त ओलांडून ते कलकत्त्यास पोहोचले, तेव्हाही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! थोड्याच काळात हा बर्फ मुंबईस आणि मद्रासेसही येऊ लागला. तो साठविण्यासाठी मद्रासेस बांधलेली गोल आकाराची इमारत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर आजही उभी आहे. मुंबईत जमशेटजी जिजीभाई यांनी १८३४ च्या सुमारास आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम वाढले, आणि ते खाऊन मंडळींना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. सर्दी ही नुसत्या थंड पदार्थाने होत नाही, विषाणूंमुळे होते, हे ज्ञान त्या काळी कोणाला नव्हते. त्यामुळे बिचाऱ्या आइसक्रीमवर आळ आला असावा!

यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर जहाजाने बर्फ आणण्याची गरज उरली नाही. आता तर पुष्कळ घरांत शीतकपाट, म्हणजेच फ्रीज, असतो. जी वस्तू एके काळी बादशहाला डोंगरातून आणवावी लागे, ती आज आपल्या स्वयंपाकघरात रात्रीतून तयार होते.

गोठणे म्हणजे काय?

'थंडी आत शिरली' असे आपण बोलतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने थंडी ही कोठे शिरणारी वस्तू नव्हे. एखाद्या पदार्थातील उष्णता बाहेर पडणे म्हणजेच तो पदार्थ थंड होणे. पाण्यातील उष्णता निघून जाऊन त्याचे तापमान शून्य अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि नंतरही उष्णता बाहेर जात राहिली, की पाण्याचे कण ठरावीक रचनेत एकमेकांना धरून बसतात. या रचनेलाच आपण बर्फाचे स्फटिक म्हणतो.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आपल्या आजी-आजोबांच्या काळी आइसक्रीमचा 'पॉट' असे. लाकडी बादलीत धातूचा डबा, डब्याभोवती बर्फाचा चुरा व खडे मीठ, आणि वरून फिरवावयाचा दांडा. घरातील सर्व मुले पाळीपाळीने तो दांडा फिरवीत. या युक्तीचे मर्म मिठात आहे. मिठाचे पाणी शून्य अंशावर गोठत नाही. त्यासाठी तापमान आणखी खाली जावे लागते. म्हणून बर्फात मीठ मिसळले की शून्याखालीही बर्फ वितळू लागतो. वितळण्यासाठी त्याला उष्णता हवी असते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविता येते! ही उष्णता तो बर्फ आतल्या डब्यातून ओढून घेतो आणि डब्यातील पदार्थ गोठतो. तीन भाग बर्फ व एक भाग मीठ यांच्या मिश्रणाचे तापमान शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

काही कांड्या दगडासारख्या, काही लोण्यासारख्या

गारेगारची कांडी चोखताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. आधी रंग आणि गोडी तोंडात येते, आणि शेवटी हाती राहतो तो पांढरा, बेचव बर्फ. असे का होते? पाणी गोठते तेव्हा त्याचे स्फटिक साखरेला आणि रंगाला आपल्या रचनेत जागा देत नाहीत. त्यांना बाजूस सारतात. त्यामुळे कांडीत शुद्ध बर्फाचे कण आणि त्यांच्या फटींत अडकलेला गोड पाक, अशी विभागणी होते. आपण चोखतो तेव्हा पाक प्रथम निघून येतो आणि मागे कोरा बर्फ उरतो.

यावरून घरी गार पदार्थ करणाऱ्यास दोन धडे मिळतात. पहिला असा की, मिश्रणात मोकळे पाणी जितके जास्त, तितका पदार्थ अधिक टणक होतो. कलिंगडाचा नुसता रस गोठविला तर त्याचा दगड होतो; आमरस मात्र मऊ राहतो. दुसरा धडा असा की, स्फटिक जितके बारीक, तितका पदार्थ जिभेवर मुलायम लागतो. मिश्रण झपाट्याने गोठले आणि मधूनमधून ढवळले गेले, तर मोठे स्फटिक तयार होण्यास अवसर मिळत नाही. पॉटचा दांडा फिरविण्याचे कारण हेच होय.

दही येथे फार उपयोगी पडते. दह्यातील प्रथिने आणि स्निग्धांश हे पाण्याच्या कणांमध्ये येऊन बसतात व मोठे स्फटिक होऊ देत नाहीत. त्यातही दही फडक्यात बांधून त्यातील पाणी निथळू दिले, तर काम अधिकच सोपे होते. श्रीखंडासाठी आपण चक्का करतो तो असाच. म्हणून पुढे सांगितलेला पदार्थ हा आपल्या ओळखीच्या आम्रखंडाचाच धाकटा भाऊ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आंबा-दह्याच्या कांड्या

साहित्य : ताजे, गोडसर दही ४ वाट्या, हापूस किंवा पायरी आंब्याचा घट्ट रस १ वाटी, पिठीसाखर अर्धी वाटी, वेलदोड्याची पूड व मीठ चिमूटभर.

कृती : दही स्वच्छ, पातळ फडक्यात बांधून दोन-तीन तास थंड जागी टांगून ठेवावे. खाली जे पाणी गळते त्यास निवळी म्हणतात. ती फेकून देऊ नये. तिने कणीक भिजवावी किंवा ती कढीत घालावी. फडक्यातील घट्ट दही भांड्यात काढून त्यात साखर, मीठ व वेलदोड्याची पूड घालावी आणि रवीने किंवा मोठ्या चमच्याने चांगले घोटावे. घोटताना मिश्रणात हवा मिसळते व त्यामुळे पदार्थ हलका होतो. मग आमरस घालून सारखे करावे.

या वेळी मिश्रण चाखून पाहावे. ते आपल्याला हवे त्यापेक्षा किंचित अधिक गोड लागले पाहिजे. कारण थंड पदार्थ खाताना जिभेला गोडी कमी जाणवते. नंतर ते कुल्फीच्या साच्यांत, लहान वाट्यांत किंवा पेल्यांत भरावे. भांडी काठोकाठ भरू नयेत, कारण पाणी गोठताना फुगते. भांड्यांवर झाकणे ठेवून ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. तासा-दीड तासाने मिश्रण दाट झाले की मधोमध स्वच्छ लाकडी काडी उभी करावी. आधी केली तर ती कलंडते. सहा ते आठ तासांत कांडी तयार होते. साचा पाण्यात काही क्षण बुडवून धरला की कडेचा थर सुटतो आणि कांडी अलगद बाहेर येते. धातूचा गोठलेला साचा कधीही जिभेला लावू नये. जीभ त्यास चिकटते.

काडीवरून एका मुलाची आठवण होते. १९०५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात फ्रँक एपर्सन नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने पेल्यात गोड पेय ढवळले आणि ढवळण्याच्या काडीसह तो पेला रात्रभर घराबाहेर विसरला. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी पाहतो तो पेय गोठलेले आणि काडी मधोमध घट्ट रुतलेली! मोठेपणी, १९२४ साली, त्याने काडीवरच्या गोठलेल्या पेयाचे पेटंट मिळविले. विसरलेला पेला पुष्कळांनी फेकून दिला असता. या मुलाने तो नीट पाहिला, हे त्याचे वैशिष्ट्य.

फ्रीज नसेल तर हेच मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. बादलीत तळाशी बर्फाचा चुरा व मीठ यांचे थर द्यावे, मध्ये डबा ठेवावा आणि भोवतीही तसेच थर भरावे. बादलीभोवती गोणपाट गुंडाळावे, म्हणजे बाहेरची उष्णता आत येणार नाही. डबा अर्धा-पाऊण तास उलटसुलट फिरवीत राहावा. झाकण उघडण्यापूर्वी डबा बाहेरून पुसून घ्यावा, नाहीतर खारट पाणी आत जाईल. असे केल्याने कांडी होणार नाही. परंतु चमच्याने खाण्याजोगा मऊ, गार पदार्थ खात्रीने होईल.

ऋतूप्रमाणे फळे

आंबा संपला म्हणून हा उद्योग थांबवावा लागत नाही. आपल्या राज्यात बाराही महिने काही ना काही फळ असतेच. नाशिकची व सांगलीची द्राक्षे, घोलवडचे चिकू, सोलापूरचे डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जळगावची केळी. ज्याचा हंगाम असेल ते घ्यावे.

केळ्याच्या जाडसर चकत्या कराव्या, त्यांवर लिंबाचा रस शिंपडावा, गोड केलेल्या घट्ट दह्यात एकेक बुडवून ताटलीत सुट्या मांडाव्या आणि दोन-तीन तास गोठवाव्या. लिंबाच्या रसाने केळे काळे पडत नाही. बिनबियांची द्राक्षे धुऊन, पुसून नुसती गोठविली तरी ती लहान लहान कुल्फ्यांसारखी लागतात. मात्र लहान भावंडांना ती उभी चिरून, थोडी नरम झाल्यावरच द्यावी, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकण्याची भीती असते.

अननसाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ताज्या अननसात प्रथिनांचे विघटन करणारे एक द्रव्य असते. त्यामुळे तो दह्यात मिसळून ठेवला की मिश्रण कडवट होते. फोडी साखर घालून थोड्या शिजविल्या की त्या द्रव्याचा प्रभाव नाहीसा होतो. मग त्या निवल्यावर दह्यात घालाव्या.

झोपलेले जंतू

आता आपण वडिलांच्या भीतीकडे वळू. त्याआधी एक प्रयोग करून पाहा. चमचाभर साधे दही वाटीत घालून रात्रभर गोठवा. दुसऱ्या दिवशी ते वितळू द्या आणि कोमट दुधास त्याचे विरजण लावा. थोडा अधिक वेळ लागेल. परंतु दूध विरजेल आणि दही लागेल. याचा अर्थ काय? दूध विरजते ते एका प्रकारच्या सूक्ष्म जंतूंमुळे. हे जंतू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात. बर्फाच्या कप्प्यात त्यांतील काही मेले असतील. परंतु पुष्कळसे जिवंत राहिले. थंडीने त्यांना मारले नाही, फक्त झोपविले. ऊब मिळताच ते जागे होऊन पुन्हा कामास लागले.

दह्याचे जंतू आपले मित्र आहेत. त्यांच्या या झोपेचा आपल्याला आनंदच होईल. परंतु थंडी मित्र आणि शत्रू असा भेद जाणत नाही. विषमज्वर, पटकी, हगवण, कावीळ हे रोग दूषित पाण्यातून पसरतात. त्यांचे जंतू व विषाणूही गोठल्याने नष्ट होत नाहीत. पाणी घाणेरडे असेल, तर त्याचा बर्फही तितकाच घाणेरडा. तो काचेसारखा चकाकतो, हाताला गार लागतो, म्हणून तो शुद्ध असेल असे आपल्याला वाटते. ही समजूत धोक्याची आहे. बर्फ पाण्याचे दोष झाकतो. नाहीसे करीत नाही.

वडिलांची भीती म्हणूनच खरी आहे. परंतु दोष थंडीचा नव्हे, पाण्याचा आहे. मासळी टिकविण्यासाठी किंवा कारखान्यांतील कामासाठी जो बर्फ तयार होतो, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. दिसण्यात मात्र दोन्ही बर्फ सारखेच. ही फसगत टळावी म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन घातले. निळसर बर्फ खाण्यासाठी नाही, हे प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावे.

येथे गाडीवाल्याविषयी मनात तुच्छता येऊ देऊ नये. तोही कष्ट करून पोट भरणारा माणूस आहे. लादी कोणत्या पाण्याची आहे, हे त्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. 'दादा, बर्फ कुठून आणता?' असे नम्रपणे विचारावे. चांगला विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही. उत्तराने समाधान झाले नाही तर पैसे खिशात ठेवून घरी यावे आणि आपले आपण गारेगार करावे.

घरी करतानाही हेच नियम पाळावयाचे आहेत. मिश्रणात पाणी घालावयाचे असेल तर ते खळखळून उकळून निवविलेले असावे. हात, साचे व काड्या स्वच्छ धुवाव्या. फळे धुऊनच चिरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, एकदा पूर्ण वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. वितळलेल्या अवस्थेत झोपलेले जंतू जागे होतात, त्यांची संख्या भराभर वाढते आणि दुसऱ्यांदा गोठविल्याने ती कमी होत नाही.

एखादी आवडती वस्तू धोक्याची आहे असे कळले की माणसे दोन प्रकारे वागतात. कोणी धोक्याकडे डोळेझाक करतात, तर कोणी ती वस्तूच सोडून देतात. तिसरी वाटही असते. धोका नेमका कोठे आहे हे शोधावे, तेवढाच दूर करावा आणि आनंद मात्र राखावा. या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने केलेली पहिली कांडी आजीच्या हाती द्या. "पोट बिघडेल" असे ती म्हणाली, तर का बिघडणार नाही, हे तिला समजावून सांगता आले म्हणजे हा पाठ तुम्हांला कळला.

शब्दार्थ

सोरा – एक प्रकारचा क्षार. निवळी – दही निथळल्यावर गळणारे पाणी. स्निग्धांश – पदार्थातील तुपकट भाग. विषमज्वर – टायफॉइड. पटकी – कॉलरा. अखाद्य – खाण्यास अयोग्य.

स्वाध्याय

१. बर्फात मीठ मिसळल्याने डब्यातील पदार्थ का गोठतो?
२. गारेगारची कांडी चोखताना शेवटी बेचव बर्फ का उरतो?
३. 'थंडी मित्र आणि शत्रू असा भेद जाणत नाही,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये, याचे कारण सांगा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तोंडाला पाणी सुटणे, आळ येणे, डोळेझाक करणे.
६. गोठविलेल्या दह्याचे विरजण लावण्याचा प्रयोग घरी करा. ताज्या दह्याचेही विरजण त्याच वेळी लावा. दोहोंस किती वेळ लागला, ते वहीत लिहा.